कोळशाची बोट आणि पळसाची पानं

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बोटीवर कामाला गेले तेव्हा आमच्या घरात समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता. वाशीमजवळच्या खेड्यात आमची बागायत होती. वांगी, मेथी, मिरच्या लावायच्या, मोटेनं पाणी द्यायचं, पहाटे गाडी जुंपून वाशीमचा बाजार गाठायचा, एवढंच आमचं जग. भासरे आधी वाशीमच्या स्टेशनात कोळसा उतरवायला जायचे. तिथंच कुणीतरी मुंबईच्या गोदीचं वेड त्यांच्या डोक्यात घातलं आणि मेडशी गावच्या एका दोस्ताला घेऊन ते निघून गेले.

एकदा सुट्टीवर आले, तेव्हा म्हणाले की बोट सगळी लोखंडाची असते. सासरे पोट धरून हसले.

"आपलं खुरपं हिरीत पडलं तं गळ टाकून काढा लागते, अन् तुही बोट तरंगते?"

भासऱ्यांनी परोपरीनं समजावलं. शेवटी सासऱ्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून नाही, पोरानं आणखी खोटं बोलू नये म्हणून. भासऱ्यांसमोर बोलायची मला सोय नव्हती, पण चुलीपाशी बसून कान तिकडेच लावले होते. मला मात्र ते सगळं खरं वाटत होतं, आणि खरं वाटल्यामुळे भीतीही वाटत होती. जाऊबाई शेजारी भाकरी थापत होत्या. नवऱ्याच्या एकेका वाक्याला त्यांची भाकरी मोठी होत चालली होती, हे पाहून मी त्यांना कोपरानं ढोसलंही.

मग लढाईची वर्षं आली. एका पावसाळ्यात निरोप आला की शत्रूनं बोट बुडवली आणि आमच्या माणसाचा पत्ता नाही. घरात रडारड झाली. रडल्या नाहीत त्या जाऊबाई.

"मेला कोन म्हनते?" त्या म्हणाल्या. "हिरीत बुडालेला मानूस वर येते. पानी मानसाले ठेवून घेत नाई. थे आले का वर? नाई ना? मंग!"

आमच्या गावात विहिरीनं माणसं घेतली होती आणि प्रत्येक वेळी परत दिली होती. बुडालेला माणूस वर येतोच, हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आमच्यापैकी कुणालाच त्यांचं म्हणणं खोडता येईना.

पितृपंधरवडा जवळ आला तशी सासऱ्यांची घालमेल वाढली. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, त्याशिवाय जीव सुटत नाही, असं भटजींनी त्यांना सांगितलं होतं. पण एकदा पानांचा माणूस जाळला की खरा माणूस मेला. तो उद्या दारात येऊन उभा राहिला तरी भुतासारखा. त्याला घरात घ्यायचं तर तान्ह्या पोरासारखे पुन्हा सगळे संस्कार करावे लागतात. जाऊबाईंना धास्ती होती ती याचीच. स्वतःच्या कुंकवाचं त्या एकदाही बोलल्या नाहीत.

"मामाजी, तुमी त्याईले जाळसान अन् थे आले तं म्या कोन्या तोंडानं दार उघडू?"

घरात दोन चुली होतात की काय, अशी वेळ आली होती.

अशात तो मेडशीचा दोस्त आला. जवळच्या मालेगावाहून कुणाच्या तरी गाडीतून आला आणि अंगणात उभा राहिला. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजून आक्रसलेले. इतके महिने तो दूर कुठल्याशा दवाखान्यात पडून होता. जाऊबाईंनी त्याला पाणी दिलं, तांब्या त्याला धरता येईना म्हणून ओंजळीत ओतलं, आणि समोर बसल्या.

"सांगा भाऊ. काही लपवू नोका."

त्यानं सांगितलं. बोटीच्या पोटात कोळसाच कोळसा होता. आपलं गाव वावरासकट त्यात मावलं असतं. त्याच्याही खाली भट्ट्या. भासरे आणि तो तिथं कोळसा ओढायचे. त्या दिवशी वर जाऊन समुद्रात राख टाकायची पाळी याची होती, भासरे खालीच होते. भर दुपार होती, पाणी शांत होतं. खालून धक्का बसला, धगधगती राख त्याच्या हातांवर उलटली आणि तो पाण्यात फेकला गेला. वर येऊन पाहतो तर बोटीचं तोंड पाण्यात गेलेलं, आणि मागचा भाग हळूहळू आभाळात चढत होता. देवळाच्या कळसाच्या वर, त्याच्याही वर. बोटीला ढकलणारा लोखंडी पंखा उघडा पडला होता आणि हवेतच फिरत होता.

"म्हंजे खाली भट्ट्या पेटेलच होत्या, वहिनी," तो म्हणाला.

मग बोट सरळ खाली गेली. पाण्याखालून गडगडाट झाला. कोळशाची भुकटी वर आली आणि सगळा समुद्र काळा झाला, शेतं नांगरल्यावर दिसतात तसा, नजर जाईल तिथवर. हा एका फळीला धरून त्या काळ्या पाण्यात तरंगत होता. हळूहळू काळं विरत गेलं. संध्याकाळी पाणी पुन्हा निळं झालं.

मी आजवर पुष्कळ पाहिलं, पण त्या दिवशी ऐकलं त्याच्याइतकं मोठं काही पाहिलं नाही. आमचा माणूस, ज्यानं आमच्या वाफ्यांत मेथी टाकली होती, तो गावाएवढ्या कोळशासकट जगाच्या तळाशी जाऊन बसला होता. मला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. कुणाला जोडले ते मला आजही सांगता येणार नाही.

"थे वर येतीन का, भाऊ?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाई वहिनी. थे पानी हिरीवानी नाई. तेथी तळाले ऊनही पोचत नाई. लई थंड असते."

"बुडाली तेथी काही निशानी?"

"काहीच नाई. दुसरी बोट त्याच्यावरून गेली तरी समजनार नाई."

जाऊबाई उठल्या, भिंतीत खोचलेला विळा घेतला आणि बांधावरच्या पळसाकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेले. त्या पानं तोडत होत्या आणि मी ती त्यांच्या ओच्यात टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी भटजींनी पानं मांडायला घेतली. बायकांनी तिथं जायची रीत नव्हती, पण जाऊबाई गेल्या, त्यांच्यामागून मीही गेले, आणि त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. भटजींनी मांडलेला माणूस त्यांनी पाहिला आणि खाली बसल्या.

"हे कोन होय? थे एवढे बुटके नोयते."

पाय त्यांनी लांब केले. कावड वाहून उजवा खांदा जरा उतरलेला होता, तो तसा उतरवला. मान किंचित डावीकडे वळवली. पाहता पाहता त्या हिरव्या पानांतून आमचे भासरे तिथं आडवे झाले, आणि मी सवयीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. इतके महिने न रडलेल्या जाऊबाई त्या पानांच्या छातीवर डोकं ठेवून रडल्या.

माझ्या नवऱ्याच्या हातात पेटता पलिता होता. भावाचं अंग असं पुढ्यात पाहून त्यांचा हात पुढे होईना. सासरे, ज्यांनी हे सगळं करायला लावलं, तेच पाठ फिरवून उभे होते.

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि बाजूला सरकल्या.

"द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "लई दिवस थंड्या पान्यात हायेत थे. ऊब लागू द्या त्याईले."