पाहुण्याचा माठ

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण पाहुण्याला खारं पाणी द्यायचं नाही, ही गावाची रीत. अकोटहून कॅनने आणलेलं गोडं पाणी घरोघरी वेगळ्या माठात झाकलेलं असायचं. ते पाहुण्याचं, घरच्यांनी खारंच प्यायचं. मी अचलपूरची, गोड्या पाण्यावर वाढलेली, पण सासूबाईंनी त्या माठाला कधी हात लावू दिला नाही.

सरकारी पाणीयोजनेला गाव पात्र आहे का, हे बघायला साहेब आले. त्यांनाही त्याच माठातलं पाणी दिलं. मी सांगितलं, "साहेब, हे विकतचं आहे. बोअरचं चाखून बघा."

"प्रत्येक गाव असंच सांगतं," साहेब हसून म्हणाले. उन्हात बोअरपर्यंत कोण जाणार? तपासणीची बाटलीसुद्धा त्यांनी त्याच माठातून भरून नेली. गाव अपात्र ठरलं. पिण्याजोगं पाणी उपलब्ध आहे म्हणे!

पुढे सासऱ्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाण्यालाच दोष दिला. सासरे गेले, आणि साहेबांचं ते हसू माझ्या डोक्यातून जाईना. माहेरचे म्हणतात, ही डूख धरते. धरतेच मी.

गावाने पुन्हा अर्ज केला. पाहणीला तेच साहेब येणार म्हटल्यावर मला आनंदच झाला. आदल्या दिवशी मी गल्लीतले सगळे गोडे माठ रिकामे करायला लावले. साहेब घामाघूम होऊन ओसरीवर टेकले. मी घासूनपुसून लख्ख केलेल्या पेल्यात बोअरचं पाणी दिलं. पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं.

"दुसरं नाही का?"

"नाही."

तेवढ्यात सासूबाई आतून लोटा घेऊन आल्या. रीत मोडलेली त्यांना खपत नसे. कुठेतरी गोडं पाणी लपवून ठेवलं असेल तर सगळंच मुसळ केरात. पण लोट्यातही बोअरचंच पाणी होतं. त्यांनी पेला काठोकाठ भरला.

"प्या, साहेब. आमच्या घरधन्यानं मरेपर्यंत हेच पेलं."

नंतर साहेब स्वतः बोअरवर गेले, बाटली भरली, आणि गाव पात्र ठरलं. पण त्या घडीला मला योजनेचं काही पडलं नव्हतं. साहेबांनी डोळे मिटून पेला संपवला. सासूबाईंनी तो पुन्हा भरला.