बावीस वॉट

सोनाजीनं उभी हयात वाळूजच्या कारखान्यांत वेल्डिंग केलं. त्याचा जोड फुटून परत आला असं कधी झालं नाही. मशीनवरच्या आकड्याकडं तो फारसा बघत नसे. आधी भंगाराच्या तुकड्यावर रॉड ओढायचा, कान द्यायचा, आणि कढईत कांदाभजी तळताना येतो तसा आवाज आला की म्हणायचा, "आता करंट बरोबर." मगच खऱ्या कामाला हात लावायचा. अर्धवट काम त्याला खपत नसे. दुसऱ्याचं तर नाहीच.

बायको बानाबाई धनगराची लेक. माहेर पाचोडचं. लग्न होऊन शहराकडेला रांजणगावात आली, पण तिच्या मागच्या पडवीत शेळी नाही असं वर्ष गेलं नाही. सध्याची बांडी, काळी, कानावर पांढरे ठिपके. सकाळचा चहा बांडीच्या दुधाचा, आणि दिवसभराच्या गप्पाही जास्त तिच्याशीच.

बानाबाईला दम्यानं धरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको. दिवाळीला तिचा भाऊ कडूबा आला होता. सोनाजीनं सगळ्यांसमोर विडीचं बंडल अंगणात टाकून चपलेनं चिरडलं.

"आजपासनं बंद. हा सोनाजीचा जोड हाय, तुटायचा नाय."

"दाजी, मी साक्षीदार बरं का," कडूबा म्हणाला. सून सत्यशीलानं टाळ्या वाजवल्या. सोनाजीची मान ताठ झाली. पुढं कितीतरी दिवस तो गल्लीतल्या विडी ओढणाऱ्यांना थांबवून चार शब्द ऐकवायचा.

आतून मात्र जीव कासावीस व्हायचा. ते ओळखलं त्याच्या जुन्या जोडीदारानं, फकिरानं. फकिराचा जावई आखातातून आलेला. त्यानं आणलेली एक डबी, विजेवरची सिगारेट, फकिरानं टपरीमागं हळूच सोनाजीच्या हातात दिली. आपल्याकडं असल्या वस्तूला बंदी आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सोन्या, ह्यात धूर नाय रं. वाफ हाय. चहाची वाफ चालती ना तुला?"

डबी मुठीत मावेल एवढी. आत बॅटरी, वर नळी, नळीत गोड वासाचं पातळ औषध, त्यात बुडालेला कापूस आणि कापसाला वेढलेली तारेची कॉइल. बटण भराभर पाच वेळा दाबलं की बारीक पडदा उजळायचा. शेजारी अधिक आणि उणे अशी दोन बटणं. व्होल्ट ठरवून ठेवा, नाहीतर वॉट ठरवा. वॉट ठरवले तर कॉइल बघून व्होल्ट डबीच कमीजास्त करते. कॉइलवर बारीक अक्षरात छापलं होतं, बारा ते सोळा वॉट.

"दहावर सुरू कर, सावकाश वर जा," फकिरा म्हणाला. "आणि नवी कॉइल बसवली की कापूस पुरता भिजू दे. घाई केली तर जळंल."

"मला करंट शिकवतो व्हय?"

सोनाजी आंघोळीच्या आधी न्हाणीत शिरायचा, कडी लावायचा. दहावर त्याला काहीच लागेना. चौदावर घसा जरा शेकला. सोळावर कॉइलमधून बारीक चरचर ऐकू आली, आणि त्याच्या कानानं ती चरचर पकडली. भजीचा आवाज अजून पुरा येत नाही, असं वाटून त्यानं अधिकचं बटण दाबत नेलं. बावीसवर आवाज जमला. वाफेचा लोट निघाला, नळी तापली, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी हुशार झाल्यासारखं वाटलं. इथं आवाजाचा आणि बरोबरपणाचा काही संबंध नव्हता; कॉइलवर सोळाची हद्द छापलेली असूनही त्यानं ती मानली नाही.

न्हाणीची जाळी मागच्या पडवीत उघडायची. पडवीत बांडी, आणि बांडीजवळ बानाबाईची खाट.

"कुणाकडं खरबूज कापलंय का?" एकदा तिनं विचारलं.

"माझा साबण हाय नवा," तो म्हणाला.

बानाबाईचा खोकला पुन्हा सुरू झाला. सकाळी ढास लागायची ती भाकरी थापायच्या वेळेपर्यंत राहायची. तिनं बिरोबापुढची उदबत्ती बंद केली. सत्यशीलानं मिरचीची फोडणी सोडली. तरी फरक नाही. मग सत्यशीला भीतभीत म्हणाली, "मामी, रागवू नका. जनावराचे केस छातीत जात्यात म्हणं. बांडीचं काय करायचं?"

"बांडी काय करती गं मला?" बानाबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं खाट भिंतीकडं सरकवली.

त्याच आठवड्यात डबीची चार्जिंगची वायर तुटली. दोन सकाळी डबी बंद राहिली. दोन्ही सकाळी बानाबाई खोकली नाही. बांडी तिथंच होती, केसही तेच. गळती शोधायची तर एकेक झडप बंद करून बघतात, हे सोनाजीनं कितीजणांना शिकवलेलं. इथं झडप आपोआप बंद झाली होती आणि गळती कुठं आहे ते त्याला लख्ख कळलं. तिसऱ्या दिवशी तो शहागंजच्या बाजारात गेला आणि नवी वायर घेऊन आला. मनाशी म्हणाला, दहावर ठेवू. दहावर ठेवलीही, एक दिवस. मग कान ऐकेना.

शेवटी बानाबाईनंच भावाला फोन केला. "दादा, बांडीला ने. दुसऱ्याच्या हाती देऊ नको फक्त."

कडूबानं टेम्पो पाठवला. बांडी चढेना, पाय रोवून उभी राहिली. बानाबाई आत निघून गेली. सोनाजीनं बांडीला कवेत धरून वर ठेवलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमच्यात जोर हाय अजून." सोनाजीनं टेम्पोची फळी लावली.

दुसऱ्या सकाळी त्यानं नवी कॉइल बसवली. कापूस भिजू दिला नाही. बावीसवर बटण दाबलं. कोरडा कापूस जळाला. घशात निखारा गेल्यासारखं झालं आणि करपलेला वास जाळीतून पडवीत उतरला. तो कडी काढून बाहेर आला तेव्हा बानाबाई खाटेची दांडी धरून वाकली होती. सत्यशीलानं पळत जाऊन औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला.

"बांडी तर गेली," बानाबाई धापा टाकत म्हणाली. "आता कोण राहिलं?"

"मी राहिलो," सोनाजी म्हणाला, आणि गरम डबी खाटेवर ठेवली.

तिनं डबी उलटीपालटी करून पाहिली. "कवापासनं?"

"दिवाळीनंतर."

"शेळी गाडीत कुणी घातली?"

"मीच."

ती शिव्या देईल असं त्याला वाटलं. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादाकडं जावा," ती म्हणाली. "तोंडानं सांगा. फोनवर नाय."

जाताना त्यानं डबी फकिराला परत दिली. "बिघडली का?" फकिरानं विचारलं. "नाय. चालती," म्हणून तो बस धरायला निघाला.

पाचोडला कडूबा वाड्यात शेळ्यांना पाला टाकत होता. सोनाजीनं उभ्या उभ्या सांगितलं. कडूबा आधी मोठ्यानं हसला. "गल्लीला शाणपण शिकवणारे आमचे दाजी! साबण म्हणं!" मग हसू आवरलं. "बांडी न्यायला आलाय का?"

"व्हय. बानाची हाय ती."

"बानीची हाय म्हणूनच देत नाय. उन्हाळा सरू द्या. बानी 'खोकला गेला' म्हणाली, की मी स्वतः आणून बांधतो. तुम्ही म्हणून उपयोग नाय."

बांडी पाला खात राहिली. तिनं मान वर केली नाही.

तो रिकाम्या हातानं घरी आला. सत्यशीला दारातच होती. "मामा, बांडी?"

"तुझ्या मामालाच सांगू दे सगळं," आतून बानाबाई म्हणाली.

त्यानं सुनेला सांगितलं. वाफेचं, बावीस वॉटचं, साबणाचं, कडूबानं नाही म्हटल्याचं. तिथं थांबला. पाचोडलाही त्यानं साबणापर्यंतच सांगितलं होतं. दोघींना वाटलं, झालं. त्याला मात्र ठाऊक होतं, काम अजून अर्धं आहे.

"वायर तुटली तेव्हाच मला कळलं होतं," तो म्हणाला. "दोन दिवस तू खोकली नाय. तरी मी शहागंजातनं नवी आणली. त्याच्यानंतर बांडी गेली."

बानाबाई उठली, पडवीतली आपली खाट एका बाजूनं धरून पुढच्या खोलीकडं ओढू लागली. सोनाजी दुसरी बाजू धरायला पुढं झाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझी मी नेती."

खाटेचे पाय फरशीवर खरडत गेले. तो तिथंच उभा राहिला.