काकूंचं कॅनडाला जाणं

कॅनडात पाऊलही न ठेवता सगळ्यात जास्त वर्षं कॅनडात राहिलेलं माणूस म्हणजे आमच्या कळंबच्या घरमालकीण काकू. खाली त्यांची पिठाची गिरणी, वरच्या खोलीत मी, शाळेतला मास्तर, भाडेकरू. एकुलती एक लेक तिकडं नोकरीला होती. तिनं आईला कायमचं नेण्यासाठी अर्ज केला आणि काकूंनी त्याच संध्याकाळी गावाचा निरोप घ्यायला सुरुवात केली. तांब्याचा हंडा शेजारणीला दिला, पाटा-वरवंटा समोरच्या घरी, लोखंडी पलंग मला. अर्ज काही हलेना. मग हंडा दर सणाला माहेरपणाला येऊ लागला, वरवंटा तासाभराच्या बोलीवर यायचा आणि दुपारी कंबर दुखली की काकू वर येऊन, "तुमचाच हाय सर, म्या नुस्ती टेकते," म्हणत माझ्या पलंगावर घोरायच्या. लेकीसाठी बॅगेत भरलेली शेंगदाण्याची चटणी जुनी झाली की ती आम्हाला मिळे आणि बॅगेत ताजी जाई. ही कॅनडाची चटणी खाऊन खाऊन, तिकडच्या साहेबांनी फार घाई करू नये असं मला मनातून वाटायला लागलं होतं.

चौकशीचं खातं माझ्याकडे होतं. लेक सांगेल तशी मी वेबसाइटवर विचारणा टाकायचो आणि 'अर्ज प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर यायचं. काकूंना ते पटत नसे. "प्रक्रियेत म्हंजी कुठं? कुठल्या टेबलावर हाय फाईल? काय करायलेत ती लोकं?" मग लेकीनं तिच्या भागातल्या खासदाराकडून विचारणा करवली. खासदारानं चक्क उत्तर दिलं, याचंच काकूंना इतकं कौतुक वाटलं की उत्तरात 'थांबा' लिहिलंय हे त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्याला शाल आणि नारळ पाठवायचा म्हणून, विमानातून नारळ जातो का, याचा शोध माझ्यामागे लावला. तेवढ्यात वैद्यकीय तपासणीची मुदत संपली, ती नव्यानं करा, असा निरोप आला. तेव्हा मात्र त्या भडकल्या. "मुदत संपली? म्या काय बिस्किटाचा पुडा हाय?"

शेवटी लेक फोनवर म्हणाली, "आई, वकील लावू. इकडच्या कोर्टात जाऊ. मंजूरच करा असं न्हाय म्हणायचं, हो का न्हाय ते लवकर सांगा, एवढंच."

काकूंनी चालू दळण थांबवलं. "येडी का खुळी तू? ज्यांच्या घरी ऱ्हायला जायचं, त्यांच्यावरच आदी दावा ठोकायचा? कोणत्या तोंडानं उंबरा वलांडू म्या?"

"अगं, इथं कुणी राग धरत न्हाय."

"आपल्या भावकीत धरत्यात," काकू म्हणाल्या आणि गिरणी पुन्हा सुरू केली. त्या आवाजात पुढं बोलण्याची सोयच नव्हती.

हा विषय पुन्हा निघाला तो एका व्हिडिओ कॉलवर. नात नुकती बोलायला लागली होती. लेकीनं तिला कौतुकानं विचारलं, "आजी कुठं राहते गं?" पोरीनं समोरचा मोबाईल दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला आणि पाठीमागं आजीचे पाय आहेत का ते शोधू लागली. लेक हसली, मीही हसलो. काकू हसल्या नाहीत. हाताचं पीठ पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठोक दावा."

दावा दाखल झाला आणि इतकी वर्षं न हललेली फाईल जागची उठली. काही महिन्यांत मंजुरी आली. काकूंच्या मते साहेबानं रागारागात सही केली होती, म्हणून त्याची समजूत काढायला त्यांनी शेंगदाण्याच्या पोळ्यांचा वेगळा डबा भरला. "कोणत्या साहेबाला देणार, काकू?" मी विचारलं. "दिसल त्याला," त्या म्हणाल्या. गिरणी पुतण्याच्या ताब्यात दिली. जीप निघाली तेव्हा गल्लीनं ते फारसं मनावर घेतलं नाही. इतक्या वेळा निरोप देऊन झाला होता, की शेजारीण कपडे वाळत घालता घालता नुसता हात हलवून मोकळी झाली. संध्याकाळी मात्र तीच माझ्या दारात आली. "पोचल्या का हो?" अजून विमान उडालंही नव्हतं.

पोचल्यावर काकूंचा फोन आला. विमानतळावरच्या साहेबानं पोळी घेतली नाही, पण हसला म्हणे. थंडी लई, माणसं कमी, हेही सांगून झालं. मग म्हणाल्या,

"नात आली व्हती न्यायला, सर. लांबच हुबी ऱ्हायली आदी. मग जवळ आली, बोटानं माझा गाल दाबून बघितला आन आईला म्हणली, आजी गरम हाय."

फोन ठेवून मी शेजारणीच्या दारात गेलो आणि सांगितलं, "पोचल्या."