पहिली टीप वाकडीच

रिक्षा चालवायला बसली की ती आधी चपला काढायची. विहारात जाताना काढतो तशा. सीटखाली सरकवायची, तळहात कुडत्याला पुसायची आणि मला हाक मारायची, "काकी, बसा ना पुढं."

पुढं म्हणजे चौथी सीट. आमच्या उल्हासनगरात शेअर रिक्षात तिघं मागं आणि चौथा डायवरला खेटून, अर्ध्या ढुंगणावर. तुम्ही पण बसला असाल. आता बाई गाडी चालवणार, तर तिला खेटून बाप्या नको. म्हणून तिथं मी. स्टँडवर नंबर लागेपर्यंत जीन्सचे धागे कापायची, मग गठ्ठा मांडीवर घेऊन अंबरनाथ.

ती माझी शेजारीण. कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होती. रिक्षा नवऱ्याची. तो पडला, कंबर गेली, खाटेला लागला. दीर बोलला, "गाडी विकून टाकू. वहिनीला नाय जमणार."

ही बोलली, "दिवाळीपर्यंत थांबा, भावजी."

लायसन काढलं, बिल्ला काढला. पण भीती! समोरून बस आली की हिचे ओठ पांढरे.

तिची एक खोड होती. मला लगेच कळली, मी पण जन्मभर मशीन मारलीय. मशीनवर पाय दाबला की सुई पळते, उचलला की थांबते. रिक्षाचं उलटं. रेस हातात, पायात नुसता ब्रेक. आणि ही घाबरली की पाय उचलायची! थांबायच्या टायमालाच ब्रेक मोकळा. एकदा केळीवाल्याच्या हातगाडीत घुसलो. केळीवाला शिव्या देतोय आणि ही त्याची केळी गोळा करतेय, अनवाणी.

स्टँडवरचे ओरडायचे, "आली रे शिलाई मशीन! बाजू व्हा!"

"हसू द्या, काकी," ती बोलायची. "पहिली टीप वाकडीच येते."

मग मीच तिला बोलली, "हे बघ, भीती वाटली की समजायचं, सेठ डोक्यावर उभा आहे, माल अर्जंट आहे. टीप मार. पाय दाब."

झालं! तिथनं रस्ताभर माझं सुरू. कुत्रं आडवं आलं, "टीप मार!" शाळेची व्हॅन घुसली, "टीप मार गं!" मागनं एक सिंधी काका बोलला, "अम्मा, ये गाड़ी चला रही है या पैंट सी रही है?"

"दोनों, साईं!" ती बोलली. सगळी रिक्षा हसली. तिच्या हनुवटीवरनं घाम गळत होता, पण हसली ती पण.

दिवाळी जवळ आली तसा दीर एकदा मुद्दाम मागं बसला. बदलापूरचं भाडं होतं, मोठा रस्ता. पुढं पाण्याचा टँकर. उताराला लागलो आणि टँकर एकदम थांबला.

माझा नवरा असल्याच टँकरखाली गेला, ह्याच रस्त्यावर. सायकलवर होता. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटंना.

"टीप मार!"

ती स्वतःच ओरडली! अनवाणी पाय असा दाबला की माझा गठ्ठा उडून काचेवर. रिक्षा थांबली. टँकरच्या नळाचं पाणी आमच्या काचेवर टपकत होतं, एवढं जवळ.

मागं दिरानं दांडा घट्ट धरला होता, तो सोडला. मग दीर बोलला, "वहिनी, घ्या पुढं. टँकर निघाला."

विकायचं नाव परत काढलं नाय त्यानं.

"काकी, आज तुम्ही ओरडला नाय?" तिनं विचारलं.

"तुझा आवाज ऐकायचा होता," मी बोलली.

आता ती वांगणीला राहते, तिकडं खोली स्वस्तात भेटली. परवा फोनवर नुसती किंचाळत होती, "काकी, बदलापूरचा पूल चढली! भर ट्रॅफिकमध्ये! पुढची सीट रिकामी!"

मी दारात धागे कापत बसते. गल्लीत कुणाचा ब्रेक करकचला की हातातली कात्री थांबते, आणि माझा उजवा पाय आपोआप लादीवर दाबला जातो.