शनिवारी कोण?

जासईच्या रिकाम्या कंटेनरच्या यार्डात गर्शोम राजपूरकर आता गेटवर बसतात. आलेल्या ट्रेलरचा नंबर टाइप करतात, पावती छापतात. पडद्यावरचा प्रोग्राम विकत घेतलेला आहे. तो आतून कसा चालतो हे त्यांना माहीत नाही आणि करारानुसार पाहायचीही परवानगी नाही.

याआधी बारा वर्षं इथे त्यांचा प्रोग्राम चालत होता. ओपन सोर्सचं, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणारं सामान घेऊन त्यांनी तो एकट्याने उभा केला होता. कुठला डबा कोणत्या रांगेत, कितव्या थरावर, हे तो क्रेनवाल्याला सांगायचा. यार्डाचे मालक कमळाकर घरत यांना पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, ‘‘शेठ, यात काही लपवलेलं नाही. कोणालाही उघडून दुरुस्त करता येईल.’’ शेठना त्यातलं फुकट एवढंच आवडलं.

उघडायला मात्र कोणी आलं नाही. शेठच्या मुलाला, परेशला, शिकवायला त्यांनी दोनदा बसवलं. दोन्ही वेळा तो फोन घ्यायला उठला आणि जाता जाता म्हणाला, ‘‘काका, तुम्ही आहात ना!’’

गर्शोम होते, शनिवार सोडून. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू; शनिवार हा त्यांचा कुठलंही काम न करण्याचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की पनवेलच्या घरी त्यांच्या पत्नी सिप्पोराबाई दिवे लावतात आणि गर्शोम यांचा फोन कपाटात जातो. तो शनिवारी चांदण्या दिसल्यावरच बाहेर येतो. म्हणून प्रोग्राममधले बदल ते शुक्रवारी दुपारी करत आणि गेटवरून एक पावती छापून पाहत, मगच निघत. गेल्या मार्चमध्ये एका शुक्रवारी रस्ता तुंबल्याचं कळलं. घरी पोचेपर्यंत अंधार पडेल म्हणून ते बदल करून, पावती न छापता निघाले.

शनिवारी सकाळी गेटवरचा पडदा उघडेना. ट्रेलरची रांग हमरस्त्यावर गेली. क्रेनवाला डब्यांवरचे नंबर मान वर करून वाचत फिरू लागला. दुपारी परेश पनवेलला त्यांच्या दारात उभा राहिला.

‘‘काका, दोन मिनिटं. गाडीत लॅपटॉप आहे.’’

‘‘आज नाही, परेश.’’

‘‘हात लावू नका. तोंडाने सांगा, मी टाइप करतो.’’

‘‘तेही कामच झालं, बाळा.’’

सिप्पोराबाईंनी सरबत आणलं. परेशने ते उभ्यानेच संपवलं आणि तो गेला. रात्री गर्शोम यार्डात पोचले. एक ओळ बदलली, गेट सुरू झालं.

सोमवारी शेठनी बोलावलं. टेबलावर विकतच्या नव्या पॅकेजचं माहितीपत्रक होतं, त्यावर चोवीस तासांच्या हेल्पलाइनचा नंबर.

‘‘भाव, तुमचा देव आमी कंदी आडवा आणला नाय. पन शनवारी वरडायला मला कोनतरी पायजे.’’

‘‘शेठ, दुसरा माणूस तयार करू. प्रोग्राम उघडाच आहे, कोणालाही...’’

‘‘बारा वर्सां आयकतंय, कोनालाबी, कोनालाबी. तो कोन हाय? हाक मारा त्याला.’’

गर्शोमना हाक मारण्यासारखं नाव आठवलं नाही. जुन्या प्रोग्राममधली सगळी माहिती त्यांनीच नव्यात भरून दिली. मग गेटची खुर्ची मिळाली. जुना प्रोग्राम त्यांनी शेजारच्या दोन यार्डांना देऊ केला. दोघांनीही जासईचा तो शनिवार ऐकला होता. एकाने चहा पाजला.

ऑगस्टमध्ये नवं पॅकेजही बंद पडलं. वार शनिवारच होता. रविवारी, शनिवारचं गेट सांभाळणाऱ्या सुशांतने गर्शोमना सगळं सांगितलं. रांग तेवढीच लांब होती आणि गेट तेवढ्याच उशिरा सुरू झालं. बिघाड कशाचा, हे कंपनीने सांगितलं नाही. शेठ मात्र हेल्पलाइनवरच्या पोरीवर हिंदीतून मनसोक्त ओरडले, तिने तक्रारीचा नंबर दिला आणि ते शांतपणे जेवायला गेले.

‘‘शेठनी तुमची आठवण काढली का, विचारा की,’’ सुशांत म्हणाला.

गर्शोमनी विचारलं नाही. मागे ट्रेलरवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी नंबर टाइप केला.