मामूंचं पदक

"आवडलं ना? मग तुझंच."

मामू असं म्हणायचे आणि वस्तू आपल्या हातात ठेवून मोकळे व्हायचे. सौदीत जिझानला ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. गाव आमच्याच बाजूचं, रायगडचं. सरकारी अतिथीगृहात आचारी होते. अरबांकडे रीत आहे, पाहुण्याने वस्तू वाखाणली की यजमान ती पुढे करतो. पाहुणा नको नको म्हणतो आणि वस्तू घरातच राहते. मामूंनी यातला पहिला अर्धाच भाग उचलला होता.

मी एकदा त्यांच्या चटईला "छान आहे हो" म्हटलं. संध्याकाळी चटई आमच्या दारात! आमचे हे घड्याळाची तारीफ करून बसले आणि ते मनगटावर घेऊनच घरी आले.

"अहो, परत द्या की."

"दोनदा दिलं. रागावतात!"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण घरी मामूंना मान नव्हता. थोरला भाऊ मास्तर. चारचौघांत म्हणायचा, "आमचा धाकटा तिकडे कांदे कापतो." हे मामू हसत सांगायचे आणि लगेच चहा ठेवायला उठायचे.

पुढे बादशहा आमच्या भागाच्या दौऱ्यावर आले, मामूंच्याच अतिथीगृहात जेवले. जाताना दौऱ्याची आठवण म्हणून त्यांनी काही जणांना पदकं दिली. सगळे मोठे साहेब, आणि त्यांच्यात आमचे मामू. मामूंनी लगेच भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "फोटो नको. फोटो कुणाच्याही पदकाचा काढता येतो. आण, मग बघू."

त्या जुम्म्याला सगळी बिल्डिंग पदक बघायला निघाली. ह्यांनी आधीच सगळ्यांना बजावलं, "तारीफ करायची नाही. केलीत तर पदक गेलंच समजा. मग भावाला काय दाखवतील?"

पदक हातोहात फिरलं.

"जड आहे."

"फीत हिरवी आहे."

"मामू, चहात आलं जरा जास्त पडलंय."

मामू एकेकाचं तोंड बघत राहिले. मग पदक पुसून त्यांनी डबीत ठेवलं.

काही महिन्यांनी त्यांचं तिथलं काम संपलं. निघायच्या दिवशी मी वाटेसाठी चपात्या घेऊन गेले. बॅग बांधून झाली होती. डबी कपाटातच होती.

"मामू, हे राहिलं."

"राहू दे. तुम्हालाच काही वाटलं नाही, तिथे भाऊ काय म्हणेल?"

ह्यांनी बजावलेलं मी विसरले नव्हते. पण म्हटलं, "इतकी सुंदर वस्तू मी जन्मात बघितली नाही."

मामूंनी डबी उचलली. हात सवयीने माझ्याकडे आला आणि अर्ध्यावर थांबला.

"मग त्या दिवशी सगळे मुके का झाले होते?"

"तुम्ही देऊन टाकाल म्हणून."

मामू इतके हसले की खाटेवर बसले. बाहीने डोळे पुसले. म्हणाले, "बेटी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे काही मी देणार नाही."

खाली टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला" ओरडत घाई करत होता. मामू पदक शर्टाला लावून पुढच्या सीटवर बसले. टॅक्सी वळली तेव्हा मला दिसलं, पदक झाकलं जाऊ नये म्हणून त्यांनी सीटचा पट्टा एका हाताने छातीपासून लांब धरला होता.