दोन रुपयांची ओळख

"आधी नाव सांग." मुरमुरे घ्यायला भट्टीवर गेलं की मुरमुरे भाजणारी मावशी हेच म्हणायची, जन्मापासून ओळखत असली तरी. आपलं सांगितलं की बापाचं विचारायची, मग कुठे माप भरायची. बपेऱ्याकडच्या आमच्या गावात तिला खुळी समजणारे होते. तुम्ही समजू नका.

आणीबाणीच्या आधीच्या एका निवडणुकीत भट्टी विझवून ती मत द्यायला गेली, तर तिचं मत पडून गेलेलं. गावच्या जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरच्या कुण्या बाईने तिच्या नावावर शिक्का मारला होता. मालगुजारी केव्हाच गेली होती, माज तेवढा उरला होता. केंद्राध्यक्षांनी मावशीचं कोरं बोट पाहिलं, तिला मतपत्रिका दिली आणि शिक्का मारून झाल्यावर ती पाकिटात घातली.

"पेटीत काहून नाही टाकत, साहेब?"

"आयोगाचा नियम आहे, बाई. कोर्टाने मागितलं तरच हे पाकीट उघडतं."

दारात मालगुजार हसला. "तुयं मत आमी पोचवलं ना. कायले पाय झिजवतं?"

ते हसणं मावशीने जपून ठेवलं. पुढच्या निवडणुकीला तिने बसने तुमसर गाठलं आणि विरोधी उमेदवाराला सांगितलं, "मले मतदान केंद्रावर तुमचा एजंट बसवा." मालगुजारासमोर बसायला दुसरं कोणी तयार नव्हतंच.

मतदानाला मालगुजार रांग सोडून थेट आत शिरला. मावशीने कमरेची चंची सोडून दोन रुपये टेबलावर ठेवले. मतदार खरा नाही अशी हरकत घ्यायची तर एजंटाने तेवढे भरायचे. हरकत खोटी ठरली की जप्त.

"हा कोन मानूस हाय? मी नाही ओळखत."

केंद्राध्यक्ष परगावचे, नियमाचे पक्के. "नाव सांगा. वडलांचं? तुम्हाला ओळखणारं कोणी आहे?"

मालगुजाराने रांगेकडे पाहिलं. पुढे मीच होतो. मी आढ्याकडे बघत राहिलो, मागचे खोकू लागले. घे लेका, म्हटलं मनात, येऊ दे घाम. खोटं कशाला सांगू, एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. शेवटी कोतवालाने त्याला ओळखलं.

दोन रुपये सरकारजमा झाले. "एवढं सस्त सुख मले जल्मात भेटलं नाही," मावशी म्हणाली.

ती वारली, पण मतदारयादीतलं तिचं नाव कोणी कापलं नाही. पुढच्या निवडणुकीला मालगुजाराच्या घरची एक बाई पदर ओढून आली आणि मावशीचं नाव सांगू लागली. एजंटाच्या खुर्चीवर आता मी होतो. मी दोन रुपये काढून टेबलावर ठेवले.

"आधी बापाचं नाव सांग," मी म्हणालो.

बाईला मावशीच्या बापाचं नाव सांगता येईना. दोन रुपये मला परत मिळाले. मावशीची भट्टी थंड होती, नाहीतर सगळ्याचे मुरमुरे घेतले असते.